घाटातली हाफ मॅरेथॉन आणि मनगटावरचं घड्याळ: आकडे वापरून तयारी कशी करायची

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असो नाहीतर जानेवारीतली मुंबईची, रजिस्ट्रेशन झालं की पहिली खरेदी बहुतेक वेळा घड्याळाची होते. मग दोन-तीन आठवडे सगळे ग्राफ बघून होतात, ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतात, आणि धावणं मात्र आधी होतं तसंच चालू राहतं, म्हणजे रोज एकाच दमात, ना धड हळू ना धड जोरात. हा लेख अशा सगळ्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की हौशी रनरला घड्याळाचा सगळ्यात मोठा उपयोग हळू धावायला शिकण्यासाठी होतो, आणि ज्या आकड्यामुळे उद्याच्या रनमध्ये काहीच बदलणार नाही तो आकडा रोज बघायची गरज नाही. खालचं सगळं साधारण चार महिन्यांची तयारी आणि समोर घाटाची २१ किलोमीटरची रेस धरून लिहिलंय. घड्याळ कुठल्या कंपनीचं, केवढ्याचं याने फार फरक पडत नाही, धावतानाचा हार्ट रेट, जीपीएस आणि झोपेतला हार्ट रेट एवढं दिसलं तरी पुरे.

आधी डॉक्टर

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर जोराचे वर्कआउट सुरू करायच्या आधी डॉक्टरांना भेटून घ्या, हे मनापासून सांगतोय. मनगटावर ईसीजी काढणारी घड्याळं मिळतात पण तो ईसीजी एकाच लीडचा असतो, ठोके अनियमित पडतायत का एवढं त्यातून कळू शकतं, हार्ट अटॅक कळत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, दरदरून घाम फुटला तर स्क्रीनकडे बघत बसायचं नाही, थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ती ठोके खालीच ठेवते, त्यामुळे पुढचे झोनचे, म्हणजे हार्ट रेटच्या टप्प्यांचे, हिशोब तुम्हाला लागू पडणार नाहीत, तुम्ही श्वासावरूनच अंदाज घ्यायचा.

पायरी १: घड्याळ नीट बांधा

हे वाचायला फालतू वाटेल पण निम्मा डेटा इथेच खराब होतो. घड्याळाच्या खाली जे हिरवे दिवे लुकलुकतात ते कातडीत प्रकाश टाकतात, प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. म्हणजे घड्याळ सैल असेल, हलत असेल, खाली घाम-पाणी साचलं असेल, मनगटावर गडद टॅटू असेल किंवा थंडीत हात गार पडले असतील तर मोजणी चुकते. ऑफिसात घालतो तसं मनगटाच्या हाडावर घालून धावू नका, हाडापासून दोन बोटं वर सरकवा, पट्टा एक खाच घट्ट करा, रन झाल्यावर परत सैल करा. आणि रोज धुवा, पावसाळ्यात पट्ट्याखाली पुरळ येतं ते वेगळंच.

एक खास गडबड ओळखून ठेवा. कधीकधी सेन्सर ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजायला लागतो. रन आरामात चाललाय, गप्पा मारताय आणि हार्ट रेट १७० दाखवतोय असं झालं तर कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, बघा, तोही १७० च्या आसपास असेल तर तो आकडा हृदयाचा नाही, पायांचा आहे. थांबून घड्याळ थोडं वर सरकवायचं, मिनिटभर चालायचं, बहुतेक वेळा जागेवर येतं.

इंटर्व्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून धावणं) आणि चढाच्या वर्कआउटला मनगटाचा सेन्सर मागे पडतो, तुमचं स्प्रिंट संपत आलं की मग त्याचा आकडा वर चढतो. म्हणून जमलं तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे इलेक्ट्रिकल सिग्नल पकडतो त्यामुळे जास्त भरवशाचा. हे तंत्र काही नवीन नाही, फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बिनतारी हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणले होते आणि ते मुळात तिथल्या स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंसाठी होते. महागडं घड्याळ घेण्यापेक्षा साधं घड्याळ आणि छातीचा पट्टा ही जोडी मला कधीही चांगली वाटते. पट्टा घालताना सेन्सरच्या खालचा भाग पाण्याने ओला करायला विसरू नका, कोरड्या पट्ट्यावर पहिली दहा मिनिटं काहीही आकडे येतात.

पायरी २: तीन आठवडे फक्त नोंद

घड्याळ घेतल्या घेतल्या त्याचे सल्ले ऐकायला जाऊ नका, त्याला अजून तुम्ही कोण ते माहीत नाही. तीन आठवडे झोपताना घाला, नेहमीसारखं धावा आणि दोनच गोष्टी बघा, झोपेतला किंवा सकाळी उठल्या उठल्याचा रेस्टिंग हार्ट रेट आणि घड्याळात असेल तर रात्रीची एचआरव्ही. एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते. हृदय ६० च्या गतीने चाललं म्हणजे बरोबर दर सेकंदाला एक ठोका पडतो असं नसतं, कधी ९५० मिलिसेकंद, कधी १०४०, आणि शरीर निवांत असेल तेव्हा हा फरक सहसा जास्त असतो. दुसऱ्याशी तुलना मात्र अजिबात करायची नाही. कुणाची एचआरव्ही ३५ असते, कुणाची ९०, वयाने कमी होते, आणि ३५ वाला ९० वाल्याच्या पुढे रेस संपवू शकतो. बघायचं ते तुमचं स्वतःचं सात दिवसांचं सरासरी आणि ते कुठल्या पट्ट्यात फिरतंय ते.

आता काय बघायचं नाही ते. कॅलरीचा आकडा सोडून द्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली होती, त्यातल्या सहांचा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाला, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. घड्याळाने ७०० कॅलरी जळाल्या म्हटलं म्हणून रनच्या नंतर मिसळपाव आणि वर जिलेबी, हा हिशोब त्यामुळे जमत नाही. झोपेत किती तास होतात ते बऱ्यापैकी बरोबर येतं, पण गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती ही वाटणी कच्ची असते, त्यावरून काळजी करू नका. ऑक्सिजनचा आकडा तर ट्रेनिंगसाठी साताऱ्या-पुण्याच्या उंचीवर काहीच कामाचा नाही, तो बंद ठेवला तर बॅटरी तरी वाचते.

पायरी ३: झोन स्वतः काढा

घड्याळ तुमचं वय विचारतं आणि बहुतेक वेळा २२० मधून वय वजा करून मॅक्स हार्ट रेट ठरवून टाकतं. दुसरं एक सूत्र आहे, तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, २००१ सालचं, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचं. चाळिशीला दोन्हीचं उत्तर १८० च येतं, पण पंचावन्नला पहिलं १६५ म्हणतं आणि दुसरं १६९.५. आणि खरी गोष्ट ही की दोन्ही सूत्रं सरासरी माणसाची आहेत, एखाद्याचा खरा मॅक्स त्याच्यापेक्षा दहा-पंधरा ठोके वर किंवा खाली सहज असू शकतो. दहा ठोक्यांची चूक म्हणजे पूर्ण एक झोन चुकला, मग ईझी रन म्हणून तुम्ही महिनोन्‌महिने टेम्पो (जोराचा पण टिकवता येणारा वेग) पळताय आणि तुम्हाला पत्ताच नाही.

म्हणून टेस्ट करा. जो फ्रील नावाचे अमेरिकन कोच आहेत, त्यांनी लोकप्रिय केलेली पद्धत सगळ्यात सोपी. सपाट, बिनगर्दीचा रस्ता किंवा ४०० मीटरचा ट्रॅक निवडा, आदल्या दिवशी आराम, सकाळी लवकर जा. पंधरा मिनिटं वॉर्म अप, मग एकट्याने ३० मिनिटं, जेवढ्या जोरात शेवटपर्यंत टिकेल तेवढ्या जोरात. सुरुवातीला ताकद संपवू नका, नाहीतर शेवटची दहा मिनिटं रडत जातात आणि टेस्ट वाया जाते. दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबा. पुढच्या २० मिनिटांचा सरासरी हार्ट रेट म्हणजे तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे साधारण ज्याच्या वर गेलात की दम पटापट संपायला लागतो ती रेघ.

समजा तो १६८ आला. त्याच्या ८५ टक्के म्हणजे १४३, ८९ टक्के म्हणजे १५०. तर तुमचे सगळे ईझी आणि लाँग रन १५० च्या खाली, आणि १४३ च्याही खाली गेले तरी काही बिघडत नाही. १५१ ते १५८ हा मधला भाग, म्हणजे बहुतेक लोक जिथे रोज पळतात तो. १६० ते १६६ हा थ्रेशोल्डच्या लगतचा, टेम्पो रनसाठी. हे आकडे घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः भरा, ऑटोवर ठेवू नका. दोन महिन्यांनी परत टेस्ट.

ज्यांनी नुकतंच धावणं सुरू केलंय त्यांनी ही टेस्ट करूच नका, त्याची घाई नाही. त्यांच्यासाठी कार्व्होनेन यांची १९५७ पासूनची पद्धत आहे, मॅक्समधून रेस्टिंग वजा करा, जे उरेल त्याचे ६० ते ७० टक्के काढा आणि त्यात रेस्टिंग परत मिळवा. वय ४२, मॅक्स अंदाजे १७९, रेस्टिंग ५८ असेल तर उरतात १२१, म्हणजे ईझी रन साधारण १३१ ते १४३. आणि कुठलीही पद्धत वापरा, वर एक पडताळा ठेवा: ईझी रनमध्ये पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. ‘हो’, ‘चल’, ‘पाणी दे’ एवढंच तोंडातून निघत असेल तर घड्याळ काहीही म्हणो, तो रन ईझी नाही.

पायरी ४: स्क्रीनवर तीनच आकडे

धावताना दिसणाऱ्या स्क्रीनवर हार्ट रेट, गेलेला वेळ आणि अंतर एवढंच ठेवा. ईझी रनसाठी पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) चक्क काढून टाका, दिसला की माणूस पळतोच. वरच्या मर्यादेचा अलर्ट लावा, १५० झाले की मनगटावर थरथर व्हायला पाहिजे (इथले आणि पुढचे आकडे वरच्या १६८ वाल्याचे आहेत, तुम्ही तुमचे धरा). खालच्या मर्यादेचा अलर्ट नको. ऑटो पॉज बंद ठेवा, घाटात चढावर चालायला लागलं की काही घड्याळं समजतात थांबलात म्हणून.

पायरी ५: हळू धावणं, खरंच हळू

इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे. स्टीफन सायलर या संशोधकांनी नॉर्वेत राहून मोठमोठ्या एन्ड्युरन्स खेळाडूंचं ट्रेनिंग अभ्यासलं आणि त्यांना दिसलं की रोइंग असो, स्कीइंग असो, धावणं असो, दहातली साधारण आठ सेशन हे लोक अगदी आरामात करतात आणि उरलेली दोन खरोखर जोरात. आपल्याकडे उलटं असतं. रविवारच्या ग्रुपमध्ये कुणीतरी पुढे जातं, त्याच्या मागे दुसरा, आणि तासाभरात सगळे मधल्या भागात पोचलेले. त्यात दमायला होतं पण वेगही वाढत नाही आणि पायाही पक्का होत नाही. हळू धावण्याने जे होतं ते दिसत नाही पण ते पक्कं असतं, स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, मायटोकॉन्ड्रिया वाढतात, शरीर चरबी जाळून चालायला शिकतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं.

पहिले काही आठवडे जड जातील हे आधीच सांगून ठेवतो. साडेसहाच्या पेसने पळणाऱ्याला १५० च्या खाली राहायला साडेसात-आठच्या पेसवर यावं लागेल, उड्डाणपुलाच्या चढावर तर चालावं लागेल. चाला. शेजारून कॉलेजची पोरं पुढे जातील, सकाळी फिरायला आलेले आजोबा हात करतील, काही फरक पडत नाही. अलर्ट वाजला की पावलं लहान करा, तरी खाली येत नसेल तर मिनिटभर चाला, परत सुरू. ग्रुपबरोबर हे जमत नसेल तर आठवड्यातले दोन रन एकट्याने करा, वेगळा उपाय मला तरी माहीत नाही.

आता हवामान. जून ते सप्टेंबर दमट हवेत घाम निघतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला तरच शरीर थंड होतं. मग शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, हृदयाला तेवढं जास्त काम, म्हणून त्याच पेसला मुंबईत किंवा कोकणात हार्ट रेट थंडीतल्यापेक्षा दहा-एक ठोके वर दिसणं अगदी नॉर्मल आहे. ऑक्टोबर हीटमध्ये तर विचारूच नका. अशा वेळी पेस सोडायचा, हार्ट रेट धरायचा. बऱ्याच घड्याळांतला व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) अंदाज या दिवसांत घसरतो, कारण तो हार्ट रेट आणि पेसच्या नात्यावरूनच काढतात, तुम्ही लगेच अनफिट झालात असं नसतं. शरीराला नवीन उकाड्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, त्यानंतर आकडे आपोआप खाली यायला लागतात, हे बघायला खरंच छान वाटतं.

पायरी ६: आठवडा कसा लावायचा

चार-पाच दिवस धावत असाल तर एक दिवस जोराचा, एक दिवस चढाचा किंवा लाँग, बाकी सगळे ईझी. जोराच्या दिवशी सुरुवातीला तीन वेळा आठ मिनिटं थ्रेशोल्डच्या लगत, मध्ये तीन मिनिटं जॉग, पुढे ते तीन वेळा दहा-बारा मिनिटांपर्यंत न्या. लाँग रन ७५ मिनिटांपासून सुरू करून अडीच तासांपर्यंत. आणि आठवड्याचे दोन दिवस ताकदीचा व्यायाम, स्क्वॅट, लंज, पोटऱ्यांचे रेझ, तो घड्याळ नीट मोजत नाही म्हणून टाळू नका.

किती ताण पडला याचा हिशोब घड्याळाचा ट्रेनिंग लोड वगैरे करतोच, पण त्यापेक्षा मला कार्ल फॉस्टर यांची साधी पद्धत आवडते. रन संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, एकूण किती जड गेलं, शून्य ते दहामध्ये. त्याला मिनिटांनी गुणा. ६० मिनिटांचा ईझी रन ३ चा वाटला तर १८०, ४५ मिनिटांचं इंटर्व्हल ७ चं वाटलं तर ३१५. वहीत किंवा फोनच्या शीटमध्ये आठवड्याची बेरीज लिहा. बेरीज हळूहळू वर जायला हवी, एकदम उडी नको, आणि तीन आठवडे वाढवली की चौथ्या आठवड्यात तिसरा हिस्सा तरी कमी करा. या नोंदीत अशी गोष्ट येते जी सेन्सरला दिसत नाही, म्हणजे ऑफिसातला त्रास, घरातलं आजारपण, रात्रीचा प्रवास. तोच रन, तोच हार्ट रेट, पण ३ च्या ऐवजी ६ वाटला तर काहीतरी सांगतोय तो आकडा.

पायरी ७: सकाळी एक मिनिट

उठल्यावर तीन प्रश्न. रेस्टिंग नेहमीपेक्षा पाच-सहा ठोके वर आहे का, एचआरव्ही नेहमीच्या पट्ट्याच्या खाली आहे का, आणि मला स्वतःला कसं वाटतंय. एकच गोष्ट बिघडलेली असेल तर ठरलेला रन करा, फक्त वॉर्म अप लांबवा. दोन बिघडल्या असतील तर जोराचा रन ईझी करा. तिन्ही बिघडल्या, किंवा एकाच सकाळी रेस्टिंग दहा ठोके वर गेलाय, तर सुट्टी, बरेचदा असं आजारपण बाहेर पडायच्या एक-दोन दिवस आधी दिसतं. डेंग्यू-फ्लूच्या दिवसांत तर अंगात ताप असताना अजिबात धावू नका.

एका रात्रीच्या आकड्याने घाबरू नका. उशिरा जेवलात, दारू घेतली, जागरण झालं की त्या रात्री रेस्टिंग वर आणि एचआरव्ही खाली जाणारच. गणपतीत दहा दिवस आरास, मिरवणूक, मोदक आणि अपुरी झोप, तर त्या आठवड्यात जोराचे वर्कआउट ठेवूच नका, नुसते छोटे ईझी रन ठेवा, शरीराला तसाही ताण आहेच. श्रावणात कडक उपास करणाऱ्यांनी त्या दिवशी लाँग रन टाळावा. बायकांसाठी महत्त्वाचं: पाळीच्या आधीच्या साधारण दोन आठवड्यांत रेस्टिंग दोन-चार ठोके वर, एचआरव्ही थोडी खाली आणि अंगाचं तापमान जरासं जास्त असू शकतं, हा आजार नाही आणि ट्रेनिंग बिघडल्याची खूणही नाही, म्हणून तुलना कालच्या आकड्याशी न करता मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी करा. घड्याळाचा रेडीनेस स्कोअर, म्हणजे आज शरीर किती तयार आहे तो आकडा, बऱ्याचदा हे धरत नाही.

पायरी ८: महिन्याला एकदा हिशोब

प्रगती होतेय का हे रोजच्या रनवरून कळत नाही. महिन्यातून एकदा तोच सपाट रस्ता, तीच वेळ, शक्य तितकं तेच हवामान, आणि ४० मिनिटं हार्ट रेट १४५ वर धरून धावा. किती अंतर झालं ते लिहा. मागच्या महिन्यात ५.२ किलोमीटर आणि या महिन्यात ५.५ झालं तर तुम्ही सुधारलात, इतकं सोपं आहे.

दुसरी तपासणी लाँग रनची. ९० मिनिटं एकाच पेसने सपाटीवर धावा आणि पहिल्या व दुसऱ्या अर्ध्या भागाचा सरासरी हार्ट रेट बघा. पहिल्यात १४० आणि दुसऱ्यात १४९ म्हणजे साधारण ६ टक्के वाढ. ५ टक्क्यांच्या आत आलं की पाया बऱ्यापैकी तयार झाला असं कोच लोक धरतात, त्याच्या वर असेल तर लाँग रन अजून वाढवायची घाई नको. उन्हात आणि पाणी कमी पडल्यावर हीच वाढ जास्त दिसते, म्हणून ही तपासणी पहाटे करा.

पायरी ९: घाटात सराव

शेवटच्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला तरी खऱ्या चढावर जा. घाटात पेस विसरा, वळणांवर आणि कड्याच्या आडोशाला जीपीएस भरकटतो, पेस क्षणात ५ आणि क्षणात ११ दाखवतो. उंची मोजणारा सेन्सर हवेच्या दाबावर चालतो, पावसाळी हवेत दाब बदलला किंवा त्याच्या बारीक भोकात पाणी गेलं तर तोही चुकतो. चढावर फक्त हार्ट रेट, सरावाच्या दिवशी १५८ च्या वर जाऊ द्यायचं नाही, गेलं की चालायचं. उभ्या चढावर भरभर चालणं आणि रखडत धावणं यात वेळेचा फरक फार थोडा असतो, हार्ट रेटचा मात्र खूप.

उतारावर बरोबर उलटं. तिथे हार्ट रेट खाली येतो आणि घड्याळ म्हणतं सगळं सोपं चाललंय, पण मांड्यांच्या पुढच्या स्नायूंची वाट तिथेच लागते, कारण ते ताणले जात असताना ब्रेक लावत असतात. हा ताण मनगटावरच्या कुठल्याच आकड्यात येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना तो कळतो. चांगली गोष्ट ही की एकदा असा उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे स्नायू त्याच उताराने कमी दुखतात, म्हणून रेसच्या तीन आठवडे आधी एक मोठा उताराचा रन कराच, आणि शेवटच्या दहा दिवसांत करू नका.

याच दिवसांत घामाचा हिशोब काढा. रनच्या आधी कमी कपड्यांत वजन करा, तासभर धावा, अंग पुसून परत वजन करा. ६८ चे ६७.१ झाले आणि मध्ये ३०० मिली पाणी प्यायलात तर तासाला १.२ लिटर घाम गेला. सगळा भरून काढायची गरज नाही, पण अर्धा-पाऊण लिटर तरी मीठ-साखरेसकट घ्यायची सवय सरावातच करा.

एक गोष्ट राहून जाते ती प्रायव्हसीची. घराच्या दारातून सुरू होणारा प्रत्येक रन पब्लिक ठेवला तर तुम्ही कुठे राहता, कधी बाहेर असता हे सगळ्यांना दिसतं. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा या रन नोंदवायच्या अ‍ॅपच्या नकाशावरून लष्करी तळ ओळखू आल्याची बातमी जगभर झाली होती. अ‍ॅपमध्ये घराभोवतीचा भाग लपवायची सोय असते, ती आजच चालू करा, विशेषतः एकट्या धावणाऱ्या मुलींनी.

पायरी १०: रेसचा दिवस

शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करा, जोर थोडा राहू द्या. या दिवसांत रेस्टिंग खाली यायला आणि एचआरव्ही वर जायला हवी, पण आदल्या रात्री झोप लागत नाही आणि आकडे वाईट येतात, त्याने काही होत नाही, त्या सकाळी स्कोअर बघूच नका.

साताऱ्यात पोलीस परेड ग्राउंडवरून निघून यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. पहिली पंधरा मिनिटं गर्दी आणि उत्साहाने हार्ट रेट उगाच दहा-एक ठोके वर असतो, तेव्हा आकड्यापेक्षा श्वास ऐका. मग १६८ थ्रेशोल्डवाल्याने चढभर १५८ ते १६० ची मर्यादा धरायची, लोक पुढे जातील, जाऊ द्या, त्यातले बरेच वरच्या टप्प्यात परत भेटतात. माथ्यावर पोचलात की अलर्ट बंद. उतारावर पावलं लहान आणि भरभर, कॅडन्स १७५ च्या पुढे गेला तरी चालेल, मागे रेलून टाच आपटत जाऊ नका. शेवटचे तीन किलोमीटर जे उरलंय ते द्या. मुंबईला हेच गणित पेडर रोडच्या चढाला लावा, तो रेसच्या दुसऱ्या भागात येतो, म्हणून सी लिंकवर थंड हवा आणि समुद्र बघून वेग वाढवायचा मोह होतो तिथे हार्ट रेट धरून ठेवा.

रेसनंतर घड्याळ दोन-चार दिवस रिकव्हरीचे तास दाखवत राहील. त्यापेक्षा दोन गोष्टी बघा, रेस्टिंग आपल्या नेहमीच्या पट्ट्यात परत आलाय का आणि जिना न धरता उतरता येतोय का. दोन्हींचं उत्तर हो आलं की ३० मिनिटांचा ईझी रन, तोही नेहमीच्या मर्यादेपेक्षा दहा ठोके खाली. जोराचं काही पुढचे दोन आठवडे नाही, आणि नवीन थ्रेशोल्ड टेस्ट त्यानंतर.